तराफा डोक्यावर वाहू नये

या स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माझ्याकडे एक लहानसे काम सोपवले होते. २००४ साली आपल्या संस्थेने काढलेल्या छोट्या स्मरणिकेतील एक मुलाखत या अंकात पुन्हा छापायची होती. आपल्या भोजनगृहात वीस वर्षे भाकरी थापणाऱ्या मावशींची ती मुलाखत. १९७२ च्या दुष्काळात त्या नुकत्याच लग्न होऊन सासरी आल्या होत्या आणि खडी फोडायला रस्त्याच्या कामावर जात होत्या. सुकडी कशी वाटली जाई, मिलोच्या लाल भाकरीची चव कशी असे, पाणी भरताना कोण कुठे उभे राहायचे, हे सारे त्यांनी आपल्या अहिराणी वळणाच्या मराठीत सांगितले होते. मावशी आता नाहीत. त्यांच्या तोंडून त्या दिवसांचा वृत्तान्त घेतला गेला तो तेवढाच.

ग्रंथालयातील छापील प्रत काढली, तर कपाटावर गळालेल्या पावसाने नेमकी तीच पाने एकमेकांना चिकटलेली. मग कार्यालयातून त्या वेळची सीडी शोधून आणली. सीडी शाबूत होती, फाईलही शाबूत होती. उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे, टक्क्यांची चिन्हे, कंस आणि उद्गारचिन्हे यांची नुसती रास उभी राहिली. मराठीचे एकही अक्षर नाही.

मी इतिहासाचा शिक्षक आहे. साधन नष्ट होणे म्हणजे काय, ते मी जाणतो. परंतु साधन हातात आहे, धडधाकट आहे आणि तरीही वाचता येत नाही, हा अनुभव निराळा. इतिहासाचार्य राजवाड्यांचे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात निधन झाले आणि दुसऱ्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले. त्या मंडळातील मोडी दप्तरे पाहताना एम. ए. च्या दिवसांत मला असेच परकेपण वाटले होते. पण मोडी ही शिकता येणारी लिपी आहे. चार महिने घासावे, म्हणजे कागद बोलू लागतो. या फाईलला शिकता येण्याजोगी लिपीच नव्हती. होते ते एक कुलूप, आणि त्याची किल्ली ज्या प्रणालीत होती ती प्रणाली आमच्या एकाही चालू संगणकावर बसत नव्हती.

हे कसे घडले, ते पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी, पतसंस्थेत, मंडळात अशाच सीडी पडून असतील. १९९० च्या दशकात मराठी टंकन संगणकावर आले, तेव्हा प्रत्येक निर्मात्याने अक्षरांना आपापले सांकेतिक क्रमांक दिले. इंग्रजी 'ए' च्या जागी 'क' चे चित्र बसवायचे आणि 'बी' च्या जागी 'ख' चे, अशी ती रीत. संगणकाच्या लेखी ते इंग्रजीच असे. फॉन्टच्या मुखवट्यामुळे आपल्याला मराठी दिसे. तो फॉन्ट गेला की मुखवटा गेला. जगातील सर्व लिप्यांना एकच सामायिक क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच निघाली होती आणि तिच्यात देवनागरी होती. परंतु आपल्याकडच्या छपाईच्या दुकानांतून पेजमेकर आणि त्याला जोडलेले जुने फॉन्ट पुढे वीस वर्षे हलले नाहीत. त्या काळातील लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, आपल्या चळवळीची पत्रके आणि शेकडो स्मरणिका या मुखवट्यात अडकल्या आहेत. मोडीला २०१४ साली युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली. म्हणजे पेशवेकालीन रुमालाचा मजकूर आज कोणत्याही संगणकावर बिनचूक उतरवता येतो, आणि आमची २००४ ची स्मरणिका मात्र वाचता येत नव्हती.

दिवाळीच्या सुटीत पुण्याला नोकरी करणारा आपला एक माजी विद्यार्थी भेटायला आला. त्याला मी हे गाऱ्हाणे सांगितले. "सर, जुनी सीडी आणि त्या सॉफ्टवेअरची मूळ सीडी, दोन्ही द्या," एवढेच तो म्हणाला. संस्थेने ती प्रणाली त्या वेळी रीतसर विकत घेतली होती आणि सुदैवाने तिची सीडी कपाटात होती. त्याने अडगळीत टाकलेला एक संगणक पुसून घेतला, त्यावर लिनक्स ही कार्यप्रणाली बसवली आणि तिच्यावर 'वाईन' नावाचे सॉफ्टवेअर घातले. नाव ऐकून आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी भुवया उंचावल्या. पंचशीलाला यात कोठेही बाध येत नाही, अशी मी त्यांची समजूत घातली.

वाईन काय करते? विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम चालताना कार्यप्रणालीकडे सतत काही ना काही मागत असतो: ही फाईल उघड, येथे चौकट काढ, हे अक्षर पडद्यावर लिही. ही मागणी तो विंडोजच्या बोलीत करतो. लिनक्सला ती बोली कळत नाही. वाईन मध्ये बसते, मागणी ऐकते आणि तीच लिनक्सच्या बोलीत सांगते. प्रोग्रामला वाटते आपण विंडोजवरच आहोत. संगणकाच्या आत दुसरा खोटा संगणक उभा करण्याची पद्धत वेगळी. तिच्यात आत पुन्हा विंडोज बसवावे लागते आणि त्याचा परवानाही लागतो. वाईनला विंडोजच लागत नाही. हे काम १९९३ मध्ये सुरू झाले आणि त्याची १.० ही आवृत्ती २००८ मध्ये आली. पंधरा वर्षे जगभरातील कार्यकर्त्यांनी, मूळ बांधणीचा आराखडा हाती नसताना, बाहेरून निरखून, एकेका मागणीचा अनुवाद केला. या चिकाटीला इतिहासाच्या विद्यार्थ्याने दाद दिलीच पाहिजे.

आमची जुनी प्रणाली त्या संगणकावर सुरू झाली. नव्या विंडोजवर जी बसत नव्हती, ती लिनक्सवर बसली, याचे मला प्रथम आश्चर्य वाटले. मग कळले की यात चमत्कार काही नाही. विंडोज ११ केवळ ६४ बिटांच्या संगणकांसाठी आहे आणि १६ बिटांच्या काळातील जुने प्रोग्राम त्यावर मुळीच चालत नाहीत. आमच्या सीडीवरील प्रणाली बसवणारा प्रोग्राम त्याच काळातला होता. वाईनमध्ये असे कित्येक जुने प्रोग्राम अजूनही चालतात. नव्या मालकाने दाराबाहेर ठेवलेल्या म्हाताऱ्याला शेजाऱ्याने ओसरीवर जागा द्यावी, तसे हे झाले.

फाईल उघडली आणि मावशी बोलू लागल्या. पुढे दोन संध्याकाळी तो मजकूर युनिकोडमध्ये आणण्यात गेल्या. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी जशी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते; युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर येते. रफाराचीही अशीच अदलाबदल करावी लागते. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने बहुतेक काम केले, उरलेले मी आणि दहावीच्या दोन मुलींनी डोळ्यांत तेल घालून तपासले. ती मुलाखत वाचकांना याच अंकात वाचायला मिळेल.

येथवर ही एका फाईलची गोष्ट झाली. खरा प्रश्न त्यानंतर उभा राहिला, आणि त्यासाठीच हा लेख आहे.

१४ ऑक्टोबर हा दिवस आपल्यासाठी काय आहे, हे या स्मरणिकेच्या वाचकाला सांगायला नको. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या कार्यप्रणालीला मिळणारी नेहमीची विनामूल्य सुरक्षा-दुरुस्ती कंपनीने थांबवली. तारखांच्या योगायोगाला अर्थ चिकटवणे बुद्धिवादी माणसाला शोभत नाही, म्हणून मी चिकटवत नाही. परंतु आपल्या संगणक कक्षातील बारा यंत्रे त्या दिवशी प्रश्नचिन्हाखाली आली. विंडोज ११ ला ठरावीक पिढीनंतरचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चकती लागते. आपली यंत्रे माजी विद्यार्थ्यांनी आणि दात्यांनी दहा-बारा वर्षांपूर्वी दिलेली. ती चालतात, मुले त्यांवर शिकतात; पण नव्या नियमात बसत नाहीत. नवे बारा संगणक घ्यायचे तर त्या वर्षीच्या गाद्या, चादरी आणि सौर पाणीतापकाची दुरुस्ती बाजूला ठेवावी लागते. वसतिगृह चालवणाऱ्यांना हा हिशेब तोंडपाठ असतो.

माजी विद्यार्थ्याने सुचवले की बाराही यंत्रांवर लिनक्स बसवावे. आम्हा शिक्षकांची पहिली प्रतिक्रिया मात्र मासलेवाईक होती: "चालेल, पण आमचे सगळे प्रोग्राम त्या वाईनमध्ये घालून द्या. काही बदलायला नको." मीही यात होतोच. एकदा फाईल उघडल्याचा आनंद ताजा होता.

'मज्झिमनिकाया'तील 'अलगद्दूपम सुत्ता'त तथागतांनी सांगितलेला तराफ्याचा दृष्टांत आपल्या मुलांनाही माहीत आहे. अलीकडचा तीर धोक्याचा, पैलतीर सुरक्षित. नाव नाही, पूल नाही. माणूस गवत, फांद्या, पाने जमवून तराफा बांधतो आणि हातपाय मारत पार होतो. पार झाल्यावर, याचे माझ्यावर फार उपकार आहेत म्हणून तो तराफा डोक्यावर घेऊन चालू लागला, तर त्याने शहाणपणा केला काय? तराफा पार होण्यासाठी आहे, वाहत नेण्यासाठी नाही. दृष्टांत धम्माविषयी आहे. संगणकासारख्या साध्या गोष्टीला तो लावण्याचे धाडस मी नम्रपणे करतो. वाईन हा तराफा आहे. जुन्या काठावर अडकलेले आपले कागद, आपले हिशेब, आपल्या मावशींचे शब्द अलीकडे आणण्यासाठी तो उत्तम. त्यावरच घर बांधणे मात्र चुकीचे.

याची कारणे व्यवहारातलीच आहेत. आपल्या तालुक्यातील मावची किंवा कोकणी बोलणारा एखादा म्हातारा बाबा कचेरीत जातो, तेव्हा सोबत दुभाषा नेतो. दुभाषा कितीही प्रामाणिक असला, तरी बाबाचे काम त्याच्या हजेरीवर अडते आणि अनुवादात थोडे तरी सांडतेच. वाईनचेही तसेच आहे. मूळ प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की कालपर्यंत चालणारे आज अडखळते. कंपनीकडे तक्रार करावी, तर तिने लिनक्सवर चालण्याची हमी कधीच दिलेली नसते. ज्या प्रोग्रामला संगणकात खोचायची कुलूपकिल्ली लागते, तो बहुधा वाईनमध्ये उघडतच नाही. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे फाईल पुन्हा त्याच मुखवट्यात साठवली जाते. वीस वर्षांनी एखादा शिक्षक पुन्हा रोमन अक्षरांच्या राशीसमोर बसेल, आणि त्या वेळी माजी विद्यार्थी दिवाळीला येईलच असे नाही.

म्हणून आम्ही उलट बाजूने विचार केला. कोणता प्रोग्राम हवा, हा प्रश्न सोडून कोणते काम करायचे आहे, हा प्रश्न विचारला. प्रश्न असा मांडला की यादी झपाट्याने लहान होते. पत्रे, प्रश्नपत्रिका, गुणतक्ते यांसाठी लिब्रेऑफिस आहे. ते २०१० पासून विकसित होत आहे, त्याचे पडद्यावरील शब्द मराठीतही दिसू शकतात आणि त्याची फाईल-पद्धती आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झालेली आहे. म्हणजे ती कोणा एकाच्या तिजोरीत नाही. चित्रांसाठी गिंप, आकृत्यांसाठी इंकस्केप, पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस. खगोलासाठी स्टेलॅरियम आहे. आपल्या साक्रीच्या आकाशात आज रात्री कोणते नक्षत्र कोठे असेल, ते ते दाखवते. भूमितीसाठी जिओजेब्रा, लहान मुलांसाठी जीकॉम्प्री. मराठी टंकनासाठी तर वेगळे काही घ्यावेच लागत नाही. भारत सरकारने प्रमाणित केलेला इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये असतोच. लोहित देवनागरी, मुंबईच्या एक टाईप या गटाने केलेला मुक्त, राज्य मराठी विकास संस्थेने पुढाकार घेतलेला यशोमुद्रा, असे सुबक फॉन्ट विनामूल्य मिळतात. आणि यू-डायससारखी शासनाची माहिती आता ब्राउझरमध्येच भरायची असल्याने खाली कोणती कार्यप्रणाली आहे, याने फारसा फरक पडत नाही.

सगळे गुळगुळीत झाले, असे मी म्हणणार नाही. दुसऱ्या शाळांकडून आलेले वर्डचे तक्ते लिब्रेऑफिसमध्ये उघडताना रेषा सरकतात. एक्सेलमध्ये कोणी मॅक्रो लिहून ठेवले असतील, तर ते नव्याने बांधावे लागतात. कार्यालयातील जुन्या लेझर प्रिंटरने आठवडाभर रुसवा धरला. हिशेबाचे विंडोजवरील सॉफ्टवेअर आमच्या लेखापालांच्या हातात इतके बसलेले आहे की कार्यालयातील एक संगणक आम्ही विंडोज ११ चाच ठेवला आहे. शासकीय टंकलेखन परीक्षेचा सराव करणाऱ्या मुलांसाठी आणखी एक. जेथे तराफ्याची गरज आहे तेथे तो ठेवला; बाकी दहा यंत्रे पार झाली.

आता पालकांचा रास्त प्रश्न घेतो. जून महिन्यात एका पालकांनी मला विचारले, "सर, बाहेर सगळीकडे विंडोज चालते. आमच्या पोरांनी स्वस्तातले शिकायचे आणि शहरातल्या पोरांनी खरे शिकायचे, असे तर नाही ना?" या प्रश्नामागची वेदना मी ओळखतो. आपल्या वाट्याला नेहमी उरलेसुरले आले. म्हणून फुकट म्हटले की आपल्याला संशय येतो, आणि तो यायलाच हवा. पण येथे वस्तुस्थिती उलटी आहे. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा लिनस टोरवाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी १९९१ मध्ये ज्या कामाला लागला, त्यातून उभे राहिलेले लिनक्स आज जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांवर चालते. २०१७ पासून त्या यादीत दुसरी कार्यप्रणाली उरलेली नाही. तुमच्या खिशातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच. पुण्या-मुंबईच्या ज्या कंपन्यांत आपली मुले जावीत असे आपल्याला वाटते, तेथील सर्व्हर बहुतांशी त्यावरच आहेत. जो मुलगा लिनक्सवर तक्ता करायला शिकतो, त्याला विंडोजवर तो करायला आठवडा पुरतो. ज्याला बटणांच्या जागा तेवढ्या पाठ आहेत, तो मात्र आवृत्ती बदलली की गोंधळतो. घोकंपट्टी आणि समज यांतला हा फरक शिक्षकाने सांगायचा नाही तर कोणी?

आणि हे आपण एकटेच करतो आहोत, असेही नाही. केरळने दीड-दोन दशकांपूर्वी आपल्या शाळांतील संगणक शिक्षण टप्प्याटप्प्याने मुक्त सॉफ्टवेअरवर आणले. तेथे शाळांसाठी लिनक्सची स्वतंत्र आवृत्ती तयार होते, मल्याळममध्ये चालते, आणि त्याआधी शिक्षकांना प्रशिक्षण मिळते. आपल्याकडे सी-डॅकने २००७ मध्ये बॉस ही भारतीय भाषांना धरून बांधलेली लिनक्स-आवृत्ती आणली. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठी आवाजात करून विनामूल्य ठेवले आहेत. आमच्या शिक्षकांनी तेच पाहून सुरुवात केली. केंद्र सरकारचेही २०१५ पासून मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण आहे. साधने आहेत, धोरण आहे. उणीव आहे ती आमच्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्यांच्या सवयीची.

आणखी एक गोष्ट सांगायला संकोच वाटतो, पण स्मरणिकेत केवळ गौरव छापायचा नसतो. आपल्या संगणक कक्षात कितीतरी वर्षे विंडोज आणि इतर प्रोग्राम यांच्या परवाना नसलेल्या प्रती चालत होत्या. ग्रामीण भागात हे इतके रुळलेले आहे की त्यात काही वावगे आहे, असे कोणाला वाटतही नाही. मलाही वाटले नव्हते. एके दिवशी आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, सकाळी आपण अदिन्नादाना वेरमणी म्हणतो; मग हे कोणी दिलेले आहे?" मी तिला गप्प केले. त्याचे मला अजून वाईट वाटते. न दिलेले घेऊ नये, हे शील आहे. गरिबीची सवलत त्यात लिहिलेली नाही. लिनक्स आणि त्यावरची यांतील बहुतेक सॉफ्टवेअरे मात्र दिलेली आहेत. वापरा, आत काय आहे ते पाहा, हवे तसे बदला, शेजाऱ्याला द्या, असे त्यांच्या परवान्यातच लिहिलेले असते. त्यातील काही परवान्यांची अट एवढीच, की तुम्ही बदलून पुढे दिले तर घेणाऱ्यालाही हाच हक्क द्या. त्या मुलीला आता मला उत्तर देता येते.

यात खर्च वाचतो, हे खरे; पण मला पैशांहून मोठी गोष्ट दिसते. बाबासाहेबांनी १९२० मध्ये 'मूकनायक', १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत' आणि १९३० मध्ये 'जनता' सुरू केले. पुढे त्यांनी स्वतःचा छापखाना उभारला. दुसऱ्याच्या यंत्रावर आपला शब्द किती दिवस छापला जाईल, हे दुसऱ्याच्या मर्जीवर असते, हे त्यांनी अनुभवाने जाणले होते. आजचा छापखाना म्हणजे हा संगणक आहे. त्यात आपण आपल्या लेकरांचे निबंध, आपल्या आयाबायांच्या आठवणी, आपल्या संस्थेचे ठराव ठेवतो. ते कोणाच्या लिपीत, कोणाच्या कुलपात ठेवायचे, हा केवळ तांत्रिक प्रश्न म्हणून सोडून देता येणार नाही. ज्या समाजाचा इतिहास दुसऱ्यांनी लिहिला किंवा लिहिलाच नाही, त्याने तरी आपली साधने वाचता येतील अशा रूपात ठेवली पाहिजेत.

म्हणून माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे मी तीन विनंत्या ठेवतो. पहिली, आपापल्या घरी, विहारात, मंडळात जुन्या सीडी असतील तर त्या आणून द्या, आणि ज्या सॉफ्टवेअरमध्ये त्या तयार झाल्या त्याची मूळ सीडीही मिळाली तर सोबत आणा. उघडून युनिकोडमध्ये उतरवण्याचे काम आमची मुले करतील; जुने प्रोग्राम वाईनवर चालतात तोवरच ते उरकले पाहिजे, कारण सीडीसुद्धा अमर नाहीत. दुसरी, विंडोज ११ घेत नाही म्हणून आपला लॅपटॉप भंगारात देऊ नका. चार जीबी मेमरीचा संगणकही लिनक्सवर मुलांना अजून पाच वर्षे शिकवू शकतो. तिसरी, पुढची स्मरणिका निघेल तेव्हा तिचा मजकूर युनिकोडमध्येच द्या आणि छपाईच्या दुकानदाराकडून अंतिम प्रतीबरोबर खुल्या पद्धतीतील फाईलही मागून घ्या. पाने छापून झाली म्हणजे काम संपले, असे मानण्याची चूक आपण २००४ मध्ये केली होती.

तो अडगळीतला संगणक अजून संगणक कक्षाच्या कोपऱ्यात आहे. त्यावर वाईन आहे, जुनी प्रणाली आहे, आणि वर कागदाची चिठ्ठी चिकटवली आहे: 'फक्त जुन्या फाईली उघडण्यासाठी'. बाकीच्या यंत्रांवर मुले आपले काम करतात. गेल्या आठवड्यात सातवीतला एक मुलगा आपल्या आजीची आठवण टंकत बसला होता. आजी अहिराणीत बोललेली, आणि त्याने ती अहिराणीतच उतरवलेली. फाईल जपून ठेव, असे मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, "सर, ती कुठेही उघडते." त्याला यात विशेष असे काही वाटत नव्हते.